केरबाने लावलेले दिवे

एका वाडीत एक भोळा केरबा होता. वाडीत शहाणेही पुष्कळ होते, पण शहाण्यांचे सत्कार होतात, गोष्टी होत नाहीत. म्हणून ही गोष्ट केरबाची.

वाडी धरणाच्या पलीकडे, डोंगराला चिकटलेली. बोटांवर मोजावीत इतकी घरं. धरणावर वीज तयार व्हायची आणि वाडीच्या डोक्यावरून थेट शहरात जायची. एका निवडणुकीआधी वाडीत खांब आले होते. निवडणूक झाली, तारा यायच्या राहिल्या, आणि लोक खांबांना म्हशी बांधू लागले. म्हशींची चांगली सोय झाली.

केरबाची बायको हौसा वाकळा शिवायची. तिच्या हातच्या वाकळेला लांबून मागणी होती. पण दिवस मावळला की सुई खाली ठेवावी लागे. रॉकेलच्या चिमणीपुढं बसलं की टाका वाकडा जाई आणि डोळ्यांतून पाणी गळे. केरबाला ते बघवत नसे. अक्कल थोडी कमी असली तरी बायकोवर त्याचा जीव भरपूर होता.

मग एक योजना आली. समाजमंदिराच्या छपरावर सोलरची एक प्लेट बसली. खाली खोलीत बॅटरी आली, भिंतीवर लुकलुकणारा एक डबा आला, आणि छताला एक दिवा लागला. हा म्हणे नमुना. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "महिन्यानं साहेब उद्घाटनाला येतील. त्यांनी बटण दाबलं आणि दिवा लागला, तर तुमच्या घरोघरी असेच दिवे. नाही लागला, तर योजना वरच्या वाडीला."

घरोघरच्या दिव्यांचं खोकं आणि वायरची भेंडोळी आधीच येऊन पडली होती. प्लेटी आणि बॅटऱ्या मागाहून येणार होत्या. योजना अशाच येतात, शेपटाकडून.

आता संचाची काळजी घेणार कोण? सरपंच रंगरावाला वेळ नव्हता. त्याच्या भावाची पाठ धरली होती. मास्तर म्हणाले, "माझा विषय भूगोल." शेवटी केरबा उठला आणि म्हणाला, "म्या बघतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की वाडी मनापासून टाळ्या वाजवायची.

घरी हौसा म्हणाली, "आवं, जल्मात येक काम तरी धड करा. आपल्या घरात दिवा लागला तर म्या तुमास्नी कायबी मागनार न्हाई."

"करतो," केरबा म्हणाला, आणि त्याचा तसा खरोखर निश्चय होता.

संच बसवणारा वायरमन दस्तगीर तालुक्याहून मोटरसायकलवर यायचा. माणूस कामाचा, पण रागीट. त्यानं केरबाला बजावलं, "हे बघ केरबा, ह्या प्लेटंवर सावली पडू द्यायची न्हाई. सावली पडली की बॅटरी भरत न्हाई. समाजलं?"

"बरं," केरबा म्हणाला. आणि केरबाचं एक होतं, एकदा बरं म्हटलं की तो विसरत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो छपरावर बसला. कावळा आला, हाकलला. ढग आला, त्यालाही दगड मारून बघितला. शेवटी हौसा भाकरी घेऊन आली आणि खालून ओरडली, "आवं, तुमचीच सावली पडलीया की प्लेटंवर!" केरबा लाजून खाली उतरला.

दुपार कलली आणि सरपंचाच्या परड्यातल्या शेवग्याची सावली हळूच प्लेटेच्या कोपऱ्यावर आली. केरबानं कुऱ्हाड आणली. सरपंच जेवून डुलकी काढून उठला, तेव्हा त्याचा शेंगांनी लगडलेला शेवगा परड्यात आडवा झाला होता आणि केरबा वर बोट दाखवून सांगत होता, "बगा, आता कशी लख्ख दिसतीया!"

सरपंचानं थयथयाट केला. दस्तगीरला बोलावणं गेलं. दस्तगीरनं कपाळाला हात लावला.

"आरं, झाड कुनाचं?"

"सरपंचाचं."

"मग त्येला नगं इचारायला? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला इचारायचं. त्यो व्हय म्हनला तरच म्होरं जायाचं. समाजलं?"

"बरं," केरबा म्हणाला.

पुढं काही दिवसांनी उंदरांनी खोलीतली वायर कुरतडली. केरबा दार उघडून बघतो तर बॅटरीपाशी धूर. वायर तापून वास सुटलेला, शेजारी समाजमंदिराची सतरंजी गुंडाळून ठेवलेली. केरबानं हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. बॅटरी आपली नव्हे. मालकाला विचारायला पाहिजे.

तो सरपंचाकडं गेला. "बॅटरी जळाय लागलीया. हात लावू का?"

सरपंच अजून शेवग्यावरून फुगलेला होता. म्हणाला, "माझी न्हाई ती. ग्रामसेवकाला इचार."

ग्रामसेवक खालच्या गावात होता. केरबा तिथवर चालत गेला. ग्रामसेवक म्हणाला, "माझ्या अखत्यारीत येत नाही. वरून आदेश आला की कळवतो."

केरबा परत आला तोवर सतरंजीची राख झाली होती आणि भिंत छतापर्यंत काळी पडली होती. एक वायर जळली होती. बॅटरी मात्र नशिबानं वाचली. लोक बादल्या घेऊन धावत होते आणि केरबा त्यांना सांगत होता, "थांबा, थांबा, आदेश यायचा हाय!"

दस्तगीरनं नवी वायर टाकली. या वेळी त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले.

"आरं भल्या मानसा, धूर दिसला तर कुनाला इचारत बसत्यात व्हय? धूर दिसला की त्वांड उघडायचं न्हाई. आदी काळी वडायची, मग लाल वडायची, आनी वरनं वाळू टाकायची. पानी न्हाई, वाळू. समाजलं?"

"बरं," केरबा म्हणाला. त्यानं वाळूची एक बादलीसुद्धा भरून ठेवली आणि जाईल तिथं ती बरोबर नेऊ लागला.

त्याच आठवड्यात सरपंचाच्या नातवाचं बारसं होतं. मांडव पडला, चुलाण पेटलं, आचाऱ्यानं कढई चढवली आणि बुंदी पाडायला घेतली. बायका पाळणा सजवत होत्या. लाकडं ओली असल्यानं चुलाणातून धूर निघाला, चांगला भक्कम.

केरबा बादली घेऊन रस्त्यानं चालला होता. त्यानं धूर बघितला.

त्यानं तोंड उघडलं नाही. सरळ मांडवात शिरला आणि काळं काय दिसतंय ते बघू लागला. मांडवाच्या मेढीला काळी दोरी होती. ती ओढली. दुसऱ्या मेढीला लाल दोरी होती. तीही ओढली. मांडव हळूहळू खाली बसायला लागला, पाहुणे वाट मिळेल तिकडं पळाले, पाळण्यातलं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. केरबा शांतपणे चुलाणापाशी गेला आणि बादली उपडी केली. अर्धी वाळू आगीवर पडली, अर्धी बुंदीवर.

"इजला," तो समाधानानं म्हणाला.

संध्याकाळी वाडीची सभा बसली. केरबाला काढून टाका, असं सगळ्यांचं एकमत झालं. मग त्याच्या जागी कोण, असं मास्तरांनी विचारलं. सरपंचाच्या भावानं पाठीला हात लावला. केरबाला ठेवावं, असंही एकमत झालं.

घरी हौसा डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला रागही आला होता आणि रडूही येत होतं. "आवं, शिजत्या कढईत वाळू घालत्यात का कुटं? कायतरी घालायचंच हुतं तर चिमूटभर मीठ घालावं, चवीपुरतं. मानूस त्येवढं तरी चालवून घेतो!"

"बरं," केरबा म्हणाला. हौसाचं सांगणं तर तो कधीच विसरत नसे.

उद्घाटनाचा दिवस जवळ आला. दस्तगीरनं शुद्ध पाण्याची बाटली देऊन ठेवली होती. बॅटरीतलं पाणी कमी झालं की त्यातलं घालायचं, आतल्या पाण्याला बोट लावायचं नाही, इतकं सोपं काम होतं. केरबानं झाकणं उघडली, पाणी कमी दिसलं. त्यानं बाटली ओतली. मग त्याला हौसाचं बोलणं आठवलं. तो घरी गेला, मिठाची बरणी घेऊन आला आणि बॅटरीच्या प्रत्येक भोकात चिमूट चिमूट टाकली. एका ठिकाणी जरा जास्त पडलं. त्याला वाईट वाटलं.

बॅटरी फसफसली. घाण वास सुटला. त्या दिवशी दिवा पिवळा पडला, आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळी लागलाच नाही.

दस्तगीर शेवटची पाहणी करायला आला होता. त्यानं झाकण उघडून वास घेतला.

"केरबा, ह्यात काय घातलंस?"

"पानी."

"आनी?"

"मीठ."

"मीठ? किती?"

"चवीपुरतं."

दस्तगीर खालीच बसला. मग म्हणाला, "चाखून तरी बघायचंस."

"न्हाई. तूच म्हनलावतास, बॅटरीच्या पान्याला बोट लावायचं न्हाई."

बॅटरी गेली होती. हौसाला कळलं तेव्हा ती समाजमंदिराच्या पायरीवर बसून राहिली. एवढी वर्षं वाट बघितली, आणि दिवा दारापर्यंत येऊन परत चालला होता. वरच्या वाडीची माणसं नवे फेटे बांधून आधीच येऊन बसली होती. दिवा लागला नाही, की प्लेट उचलूनच न्यायची, अशा तयारीनं.

तिच्याकडं बघून दस्तगीर उठला. "म्या तालुक्याला जाऊन दुसरी घिऊन येतो. सायेब काय येळंवर येत न्हाईत." त्यानं केरबाकडून जुनी बॅटरी सोडवून घेतली आणि एकेक गोष्ट हाताला धरून शिकवली. आधी प्लेटेवर जाड कापड झाकायचं. सोडताना काळी आधी, मग लाल. जोडताना लाल आधी, मग काळी. आधी बॅटरी जोडायची, नंतर प्लेट. केरबानं ते तीनदा म्हणून दाखवलं. एकदाही चुकला नाही.

"बॅटरी कुटं मिळती रं?" केरबानं विचारलं.

"गाडीला आसती तसली. बारा व्होल्टची. कुटलीबी चालती." दस्तगीरनं किक मारली. "आनी हे बघ, आज सोताच्या मनानं काय करू नगंस. हौसावैनी सांगंल ते न्हाई, म्या सांगितलं ते न्हाई. फकस्त सायेब सांगतील तसं कर. समाजलं?"

"बरं," केरबा म्हणाला.

आणि साहेब त्या दिवशी वेळेवर आले. असं आजवर झालं नव्हतं. आधीचा एक कार्यक्रम रद्द झाला होता म्हणे. मागं-पुढं गाड्या, धूळ, हार, तुतारी. गाड्या समाजमंदिराच्या मागं चिंचेखाली ओळीनं लागल्या. दस्तगीरचा पत्ता नव्हता. उद्घाटन लांबवायला सरपंचानं साहेबांना आधी भाषणाला उभं केलं.

साहेबांचं भाषण छान असे. कारण ते पाठ होतं.

"मायबाप हो!" साहेब म्हणाले. "मी तुमचा सेवक आहे. सेवकाचं स्वतःचं काय असतं? जे काही आहे ते तुमचं आहे. माझं घर तुमचं, माझी गाडी तुमची. बोला, काय पाहिजे? लाजू नका, मागा!"

इथं लोक टाळ्या वाजवत आणि साहेब पुढं जात. पण आज समोरून केरबा उठला.

"सायेब, बॅटरी पायजे."

सरपंचानं डोळे मिटले. साहेब मोकळेपणी हसले. "बॅटरी? अरे, बॅटरीच काय, अख्खी गाडी घेऊन जा! हक्कानं न्या!"

"गाडी नगं," केरबा म्हणाला. "बॅटरीच बास."

केवढा हशा झाला. साहेबही हसता हसता खोकले. केरबा मात्र मनातल्या मनात पडताळत होता. मालकाला विचारलं. मालक व्हय म्हणाला. आता पुढं जायला हरकत नव्हती.

मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा. आधी साहेबांचा, मग साहेबांबरोबर आलेल्यांचा, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा. केरबा चिंचेखाली गेला. साहेबांचा ड्रायव्हर दार उघडं टाकून पडला होता.

"बॅटरी पायजे," केरबा म्हणाला.

"कुणाला?"

"सायबांनी सांगितलंय न्यायला."

साहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर ड्रायव्हरनं आणखी काही विचारलं नाही. साहेबांच्या कामात प्रश्न विचारणारे ड्रायव्हर आता दुसरीकडं ट्रक चालवत होते. त्यानं बॉनेट उघडलं, पाना काढून दिला आणि जेवणाची पंगत कुठं आहे ते विचारून निघून गेला.

काळी आधी, मग लाल. केरबानं बॅटरी खांद्यावर टाकली. ती घेऊन येताना सरपंचानं बघितलं आणि त्याच्या जिवात जीव आला. कुठून आली हे त्यानं विचारलं नाही. आलेली वस्तू कुठून आली हे विचारायची सरपंचाला सवय नव्हती. केरबानं प्लेटेवर हौसाची वाकळ झाकली. लाल आधी, मग काळी. आधी बॅटरी, नंतर प्लेट. वाकळ काढली. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

साहेबांनी बटण दाबलं. दिवा लागला.

काळ्या पडलेल्या भिंतीसुद्धा उजळल्या. बायकांनी तोंडावर हात ठेवले. वरच्या वाडीच्या माणसांनी फेटे काढून मांडीवर घेतले. हौसा रडायलाच लागली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. तिच्या नवऱ्यानं एक काम धड केलं होतं.

साहेबांनाही भरून आलं. त्यांनी माईक पुन्हा ओढून घेतला. "या वाडीनं आज मला जिंकलं! मी शब्द देतो, आजपासून, नव्हे, आत्ता या क्षणापासून, या वाडीतल्या एकाही घरात अंधार राहणार नाही! लागेल ते माझ्याकडून घ्या!"

टाळ्यांनी छप्पर हाललं. साहेब जेवायला सरपंचाच्या अंगणात गेले. तांबडा रस्सा होता. पुढारी, अधिकारी, कार्यकर्ते, ड्रायव्हर सगळे पंगतीला बसले. फक्त केरबा बसला नाही. साहेबांनी या क्षणापासून म्हटलं होतं आणि क्षण तर कधीच होऊन गेला होता.

त्यानं दिव्यांचं खोकं उघडलं. पंगतीत वाकून एकेका ड्रायव्हरच्या कानात सांगितलं, "सायबांनी बॅटरी न्यायला सांगितलीया." रश्शात बुडालेल्या हातानं एकेकानं किल्ली काढून दिली. प्रत्येकाला वाटलं, फक्त आपल्याच गाडीची मागितली असेल.

केरबानं आधी सरपंचाच्या माजघरात दिवा लावला, मग त्याच्या भावाच्या, मग मास्तरांच्या. मग एकेका घरात. सुरुवात आपल्या घरापासून करायची, ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला. हौसा दारात उभी राहून बघत होती. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला दिवा, मधलं आपलं घर तेवढं काळं.

"आमचं कवा?" तिनं विचारलं.

"ह्ये काय, आलोच," केरबा म्हणाला आणि चिंचेकडं पळाला.

साहेब ढेकर देऊन गाडीत बसले. "चला."

"साहेब, बॅटरी?" ड्रायव्हर म्हणाला.

"कसली बॅटरी?"

"तुम्हीच द्यायला सांगितली ना."

साहेब उतरले आणि अधिकाऱ्याच्या जीपमध्ये बसले. "चला."

"साहेब, आपणच सांगितलं म्हणून दिली," जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

साहेब उतरले आणि कार्यकर्त्यांच्या गाडीत बसले. तीही चालू होईना. त्यामागचीही. ओळीनं सगळ्या गाड्यांची बॉनेटं उघडली गेली आणि सगळी वाडी त्यांच्यात वाकून बघू लागली. तेवढ्यात दस्तगीर मोटरसायकलला नवी बॅटरी बांधून वळणावर आला. त्यानं उघड्या बॉनेटांची रांग बघितली, सगळं समजला आणि न थांबताच गाडी माघारी वळवली.

"कोण तो?" साहेब गरजले. "कोणी नेल्या माझ्या गाड्यांच्या बॅटऱ्या?"

केरबा पुढं आला. एका हातात पाना, दुसऱ्या हातात शेवटचा दिवा. तो दमला होता, पण साहेबांकडं बघून त्याचा चेहरा उजळला. माणूस शब्दाचा पक्का होता. जे म्हणाला होता, ते दिलं होतं.

"म्या नेल्या सायेब," तो हात जोडून म्हणाला. "समद्यांच्या घरात दिवं लागलं. येकच घर ऱ्हायलंय, आमचं. आनी येखादी गाडी मागवता का?"